सोळा कड्यांचा एक फूट

रविवार होता. २०२२ चा दसरा होऊन चार दिवस झाले होते. औसा तालुक्यात आमच्या शिवाराला लागूनच अण्णांचं सात एकर सोयाबीन आहे, ते काढायला आमचा हार्वेस्टर सकाळपासून लागला होता. चार एकर झालं होतं. उरलेलं तीन एकर अंधार पडायच्या आत उरकायचं, कारण पश्चिमेकडून आभाळ भरून येत होतं आणि सांज झाली की शेंग दमट होऊन मऊ पडते, मळणीला नीट फुटत नाही.

कटरबारच्या, म्हणजे पुढे पीक कापणाऱ्या पात्यांच्या दांड्याच्या, डाव्या बाजूने दुपारपासून एक आवाज येत होता. टक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक. मी तो ऐकला होता. ड्रायव्हरलाही ऐकू आला होता. दोघांनीही खडा-बिडा असेल म्हणून सोडून दिलं. सोयाबीनच्या खालच्या शेंगा जमिनीपासून चार बोटांवर असतात, त्यामुळे कटरबार जमिनीला घासतच चालवावा लागतो आणि खडे येतातच. पण तो खडा नव्हता. चेन स्प्रॉकेटच्या, म्हणजे तिच्या दातेरी चाकाच्या, दातावरून उडी मारत होती.

साडेपाचच्या सुमाराला बांधाकडचा थोडा हिरवट, गवताळ पट्टा लागला. ऑगर म्हणजे कापलेलं पीक दोन्ही बाजूंनी मधे ओढणारा तो लांब पीळदार रूळ. त्याच्याखाली हिरव्या काडाचा गुंता झाला आणि फटाका फुटावा तसा आवाज आला. चेन तुटून आतल्या आत फिरली, जाळीचा पत्रा बाहेर वाकवला आणि आयडलरची, म्हणजे चेन ताणून धरणाऱ्या चाकाची, पट्टी पिरगाळून खाली पडली.

मी धावत गेलो आणि जाळीत हात घालणार, तेवढ्यात ड्रायव्हर वरूनच ओरडला, "भाऊ, पहले चाबी!" त्याने इंजिन बंद केलं, चावी काढून स्वतःच्या खिशात घातली, कटरबार जमिनीवर टेकवला आणि मळणीचा ड्रम पूर्ण थांबेपर्यंत मला थांबवून ठेवलं. इंजिन बंद केलं तरी तो जड ड्रम बराच वेळ घुमत राहतो. ड्रायव्हर पंजाबातल्या संगरूरकडचा, पंधरा-सोळा वर्षं दर हंगामाला महाराष्ट्रात येणारा. त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर नाही. त्या संध्याकाळी त्याने ते बोट माझ्यासमोर धरलं आणि सांगितलं की एके ठिकाणी तो चेनला तेल घालत होता आणि वर बसलेल्या पोराने चालू आहे की नाही बघायला किल्ली फिरवली. तेव्हापासून चावी स्वतःच्या खिशात असल्याशिवाय तो जाळीच्या नटाला पाना लावत नाही. आमच्या मशीनवर आता हाच नियम आहे. जो खाली वाकणार, चावी त्याच्याच खिशात.

लातूरची स्पेअरची दुकानं बंद. आमच्या पेटीत दोन लॉक, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कड्या, आणि चेनचा एक जुना तुकडा होता. तो जोडून बघितला, पण आयडलरची पट्टीच वाकलेली असल्याने चेन जागेवर राहीना. साडेआठला पाऊस सुरू झाला. तो परतीचा पाऊस त्या वर्षी कसा लांबला, हे मराठवाड्यातल्या कुणाला सांगायची गरज नाही. वाफसा येऊन मशीन वावरात जायला दिवाळी उजाडली. तोवर अण्णांच्या तीन एकरांत शेंगेतच कोंब फुटले होते. अण्णा एका शब्दाने बोलले नाहीत. मला मात्र ते तीन एकर अजून दिसतात, कारण त्यातला पाऊस आमच्या हातात नव्हता, चेन होती.

दुसऱ्या दिवशी मामा आले. मामा साखर कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त आहेत. तुटलेली चेन त्यांनी पोत्यावर सरळ पसरली, दोन्ही टोकं ताणून धरायला लावली आणि खिशातून पोलादी टेप काढली. मी म्हटलं, "मामा, तुटली आहे, मापून काय करायचं?" ते म्हणाले, "ती तुटली कधी हे तुला माहीत आहे. ती संपली कधी, ते बघायचंय."

ऑगरची आमची चेन ६० नंबरची, म्हणजे १२ए. तिच्या एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर पाऊण इंच. त्यामुळे १६ कड्या मोजल्या की बरोबर एक फूट भरला पाहिजे, ३०४.८ मिलिमीटर. पिनेच्या मध्यापासून मापायला गेलं की डोळा फसतो. एका पिनेच्या डाव्या कडेला टेप लावायची आणि ती पहिली धरून सतराव्या पिनेच्या डाव्या कडेपर्यंत वाचायचं. मामांनी तीन ठिकाणी मापलं. एका जागी ३१६, एका जागी ३१७ आणि तिसऱ्या जागी ३१८.

"३११ ला नवीन आणून ठेवायची, ३१४ ला काढून टाकायची," ते म्हणाले. ३११ म्हणजे साधारण दोन टक्के वाढ, ३१४ म्हणजे तीन. आमची चार टक्क्यांच्या आसपास गेलेली होती.

मी आजवर समजत होतो की ओढ बसून बसून चेनच्या पट्ट्या ताणल्या जातात, रबरासारख्या. तसं नसतं. मामांनी तुटलेल्या जागची कडी उघडून पिन माझ्या तळहातावर ठेवली. गोल असायला हवी ती पिन एका बाजूने सपाट झाली होती. नख फिरवलं तर पायरी लागत होती. चेन वाकते तेव्हा पिन आणि तिच्याभोवतीचं बुश, म्हणजे छोटी नळी, एकमेकांवर घासतात, आणि एका जोडाला थोडीशीच झीज होते. अशा ८६ जोडांची झीज एकत्र आली की चेन अडीच-तीन इंच लांब झालेली असते. पट्ट्या शाबूत, रोलर शाबूत, वरून पाहणाऱ्याला चेन धडधाकट. लांबलेली चेन दातांच्या बुडाशी बसत नाही, शेंड्याकडे सरकते, आणि जोर पडला की उडी मारते. ती टक.

मग मामांनी कड्या मोजल्या. ८५ भरल्या. "विषम आकडा कसा?" त्यांनी विचारलं, आणि मला सगळं सांगावं लागलं. आदल्या हंगामात चेन ढिली पडली, आयडलरचा बोल्ट खाचेच्या टोकाला गेला, आणखी ताणायला जागा उरली नाही. दोन कड्या काढल्या तर चेन बसेना, म्हणून त्या दोनांच्या जागी एक हाफ लिंक, म्हणजे विषम आकड्याची चेन जोडणारी एक कडी, टाकली होती. गावोगाव हेच करतात आणि काम चालूनही जातं. पण हाफ लिंकच्या पट्ट्या सरळ नसतात, मधे वाकवलेल्या असतात, म्हणून ओढीत ती बाकीच्या कड्यांपेक्षा कमजोर असते. त्यात आमची तर वेगळ्याच चेनची निघाली. मामांनी बारीक मापाचा वर्निअर लावला. मूळ चेनची न झिजलेली पिन ५.९४ मिलिमीटर, हाफ लिंकची ५.७२. म्हणजे ती १२बी ची होती. १२ए आणि १२बी, दोन्हींचं पिनेपासून पिनेचं अंतर पाऊण इंचच. हातात घेतल्या तर फरक कळत नाही. पण पिनेची जाडी वेगळी आणि आतली रुंदीही वेगळी, त्यामुळे एकाची कडी किंवा लॉक दुसऱ्याला चालत नाही. सुट्ट्या कड्यांच्या डब्यातून आम्ही डोळ्यांनी जुळवून आणली होती. चेन बरोबर तिथेच तुटली होती.

त्या दिवशी मामा चेनपाशी थांबले नाहीत. ऑगरच्या स्लिप क्लचकडे गेले. जास्त काड अडकलं की हा क्लच टरटर वाजत घसरतो, आणि त्याच्यासाठीच तो असतो. आमच्या क्लचच्या स्प्रिंगा कुणीतरी पार दाबून टाकल्या होत्या, दोन वेढ्यांमध्ये नखभरही फट नाही. वाजण्याचा कंटाळा आला असेल. क्लच घसरेना, म्हणून सगळा झटका चेनवर.

आणि शेवटी खंडेनवमीचा विषय निघाला. आमच्याकडे त्या दिवशी मशीन धुतात, हळद-कुंकू वाहतात, कटरबारला झेंडूचं तोरण बांधतात. आम्ही गाडी धुवायच्या पंपाने जोरात पाणी मारून चेना चकचकीत केल्या होत्या आणि वरून मूठमूठ ग्रीस फासलं होतं. प्रेमाने केलं होतं. पण जोराचं पाणी कड्यांच्या सांध्यात शिरून होतं ते तेलही बाहेर काढतं, आणि वरून फासलेलं घट्ट ग्रीस पिनेपर्यंत पोचतच नाही. ते पट्ट्यांवर बसून राहतं आणि धूळ धरतं. मामांनी चेनवरचा तो काळा लगदा चिमटीत घेऊन माझ्या दोन बोटांत चोळायला लावला. कचकच लागला. "हा शाणेचा दगड आहे," ते म्हणाले. "तू चेनला रोज शाणेवर धरत होतास."

मंगळवारी दुकान उघडताच लातूरला गेलो. रोलर चेन दहा फुटांच्या खोक्यात येते, ६० नंबरच्या खोक्यात १६० कड्या. या वेळी पट्टीवरचा छाप वाचून घेतली, लॉकही त्याच छापाचे, बंद पाकिटातले. दुकानात मी फक्त चेनच मागितली होती. मामांनी दोन्ही स्प्रॉकेट आणि आयडलरही घ्यायला लावलं. ते वाया घालवलेले पैसे वाटत होते, कारण जुनं स्प्रॉकेट मला चांगलं दिसत होतं. घरी येऊन नवं आणि जुनं शेजारी ठेवलं तेव्हा फरक दिसला. नव्याचे दात दोन्हीकडून सारखे, जुन्याचे एकाच बाजूला कललेले, मांजराच्या नखासारखे आकडेदार. नवी चेन अशा दातांवर चढवली की ती त्या दातांच्या मापाने झिजते आणि अर्ध्या वेळात जुन्यासारखी होते.

चेन कापणं सोपं, पण घाई करायची नाही. ८६ कड्या मोजून खडूने खूण केली. जी पिन काढायची तिचं डोकं दोन्ही टोकांनी ग्राइंडरने पट्टीच्या पातळीपर्यंत घासलं, चेनखाली भोक असलेला ठोकळा ठेवला आणि सुंबा लावून पिन बाहेर ठोकली. न घासता ठोकली तर पट्टी वाकते, आणि एकदा काढलेली पिन परत वापरायची नसते.

स्प्रॉकेट बसवल्यावर चेन चढवायच्या आधी मामांनी सुतळी मागितली. एका स्प्रॉकेटच्या तोंडाला सुतळी लावून दुसऱ्यापर्यंत ताणली. दोन्ही एका रेषेत असतील तर सुतळी चारही कडांना टेकते. आमची तीन कडांना टेकली, चौथीपाशी चार मिलिमीटरची फट. ऑगरकडचं स्प्रॉकेट तिरकं बसत होतं, कारण शाफ्टवरची चावी, म्हणजे स्प्रॉकेटला शाफ्टवर पकडून ठेवणारी लोखंडी खुंटी, झिजली होती आणि बसवायचा स्क्रू सैल होता. मग मामांनी जुन्या चेनच्या पट्ट्या आतून दाखवल्या. एका बाजूच्या पट्ट्या आरशासारख्या चमकत होत्या, दुसऱ्या बाजूच्या मळक्या. तिरक्या चालणाऱ्या चेनची हीच खूण. मी दोन वर्षं ती चेन पाहत होतो, ग्रीस लावत होतो, आणि ती चमक मला चांगली वाटत होती. नवी चावी घातली, एक पातळ वॉशर टाकला, सुतळी चारही कडांना टेकली.

चेन ओढून घेण्यासाठी एका टोकाला सुतळी बांधून ती स्प्रॉकेटवरून फिरवली आणि शाफ्ट हाताने फिरवत चेन पाठोपाठ आणली. या कामासाठी इंजिन चालू करणारे मी पाहिले आहेत. कुणीही करू नये. दोन्ही टोकं मोठ्या स्प्रॉकेटच्या शेजारशेजारच्या दातांवर आणली की ती तिथे आपोआप धरून राहतात. मागून लॉक घालायचा, पट्टी बसवायची आणि वर क्लिप. क्लिपची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला, उघडं तोंड मागे. मोटारसायकलची चेन बसवलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं, पण चिखलात वाकून, अंधारात बसवताना तेच उलटं होतं. उलटी बसली आणि काडात अडकली की निसटते.

ताण किती ठेवायचा यावर दादाचं आणि माझं नेहमी भांडण. त्याला चेन तारेसारखी ताठ आवडायची. आमच्या दोन स्प्रॉकेटमध्ये साधारण दोन फूट अंतर आहे, तेवढ्याला मधोमध दाबल्यावर चेन अर्धा ते पाऊण इंच हलली पाहिजे. त्याहून ताठ केली तर बेअरिंगं जातात आणि पिनाही लवकर झिजतात. स्लिप क्लचच्या स्प्रिंगा पुस्तकात दिलेल्या मापावर आणल्या. पहिल्या दिवशी चार तास चालवून पुन्हा ताण पाहिला, कारण नवी चेन बसताना थोडी सैल होतेच.

तेल घालायची रीत सगळ्यात उशिरा बदलली, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक तिनेच पडला. आता संध्याकाळी मशीन थांबलं की चेन कोमट असतानाच तेल घालतो. कोमट असताना ते सांध्यात ओढलं जातं, आणि रात्रभर मुरायला वेळ मिळतो. सकाळी घातलं तर पहिल्याच फेरीत उडून जाळीला लागतं. तेल चेनच्या पाठीवर नाही, खालच्या बाजूने धावणाऱ्या चेनच्या आतल्या अंगाला, कडीच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीत, थेंब थेंब. चेन फिरली की ते आपोआप बाहेरच्या अंगाला, सांध्यातून जातं. इंजिनचं २०डब्ल्यू ४० ऑईल वापरतो, नवं. इंजिनमधून काढलेलं काळं ऑईल फुकट असलं तरी त्यात काजळी आणि धातूचा चुरा असतो, तोच शाणेचा दगड पुन्हा. दहा मिनिटांनी चिंधीने वरचं सगळं तेल पुसून घेतो. बाहेरून चेन कोरडी, आतून ओली. खंडेनवमीला तोरण अजूनही बांधतो, पण चेनांवर पाण्याचा फवारा नाही, ब्रश आणि चिंधी.

रीलची, म्हणजे उभं पीक पात्याकडे झुकवणाऱ्या फिरत्या चौकटीची, चेन ५० नंबरची, तिथे १६ कड्या म्हणजे १० इंच. तिच्यावर ओढ कमी, म्हणून ती निवांत चालते.

मार्चमध्ये हरभरा संपला की दोन्ही चेना उतरवतो. कड्यांची संख्या आणि कुठली चेन कुठली हे खडूने पत्र्यावर लिहून ठेवतो. डिझेलमध्ये ब्रशने धुवायच्या, दोन दिवस सावलीत वाळवायच्या. मग मोठ्या परातीत तेल घालून ती परात एप्रिलच्या उन्हात ठेवायची. आमच्याकडच्या उन्हात तासा-दोन तासांत तेल पाण्यासारखं पातळ होतं. त्यात चेन सोडून हलवली की सांध्यांतून बारीक बुडबुडे येतात. बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायची. माझा धाकटा मुलगा ते बुडबुडे बघत परातीशी बसून राहतो आणि थांबले की हाक मारतो. मग रात्रभर टांगून निथळायच्या आणि खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून ठेवायच्या. नवी चेन मात्र धुवायची नाही, कारखान्यातून आलेलं वंगण तिच्या सांध्यात आधीच भरलेलं असतं.

मापाची वही दिवाळी २०२२ पासून आहे. पहिल्या पानावर नव्या चेनचं माप ३०५. त्या हंगामाचा हरभरा आणि गहू संपला तेव्हा ३०६. २०२३ चं सोयाबीन झाल्यावर ३०७, तिथून २०२४ च्या हरभऱ्यापर्यंत ३०८. सोयाबीनमध्ये मशीन जमिनीला घासून चालतं आणि धूळ थेट चेनवर येते, तरी जुन्या चेनने एका हंगामात खाल्लं असतं तेवढं नवीने दीड वर्षात खाल्लं नाही. ३११ ची वाट न बघता खोक्यातल्या उरलेल्या ७४ कड्या आणि त्याच छापाचा आणखी एक तुकडा पेटीत आणून ठेवला आहे, चार लॉक, सुंबा, सुतळी आणि सुटा आयडलर यांच्यासोबत. हाफ लिंक पेटीत नाही.

मागच्या वर्षी अण्णांचं सोयाबीन आम्ही सगळ्यांच्या आधी काढलं. आदल्या संध्याकाळी अण्णा स्वतः मशीनपाशी आले होते. मी जाळी उघडून टेप लावत होतो. त्यांनी विजेरी धरली, आणि १६ कड्या माझ्याबरोबर त्यांनीही मोजल्या.